पांबनचा रेडिओ आणि आपली जेटी : खबर कशी द्यायची याचा एक धडा



मागच्या हंगामात आपल्याच ग्रुपवर एक मेसेज फिरला होता, आठवत असेल. "समुद्र खवळणार, कोणी जाऊ नये." त्यावर तारीख नव्हती, कुठल्या किनाऱ्यासाठी तेही नव्हतं. आणि आम्हीसुद्धा न बघता तो पुढे ढकलला, हे आधी कबूल करतो. मेसेज जुना निघाला, तोही दुसऱ्याच किनाऱ्याचा. होड्या दोन दिवस बांधून राहिल्या, आणलेला बर्फ वितळला, खलाशांचा खर्च अंगावर पडला. मग आठ-दहा दिवसांनी खरा इशारा आला तेव्हा जेटीवर लोक हसले. चार होड्या गेल्याच. सगळे परत आले, देवाची कृपा, पण एकाचं जाळं गेलं आणि एक होडी ओढून आणावी लागली. त्या संध्याकाळी जेटीवर वाट बघत उभ्या असलेल्या बायकांना आमच्याकडे द्यायला काही उत्तर नव्हतं.

तेव्हापासून आम्ही शोधत होतो की दुसरीकडचे मच्छीमार हे कसं करतात. त्यात पांबनचा रेडिओ सापडला.

पांबन म्हणजे तामिळनाडूत रामेश्वरमचं बेट, जिथे तो समुद्रावरचा रेल्वे पूल आहे. तिथे 15 ऑगस्ट 2016 ला 'कडल ओसई' नावाचं सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झालं, 90.4 एफएमवर. नावाचा अर्थ समुद्राचा आवाज. मच्छीमारांसाठीचं देशातलं पहिलं केंद्र म्हणून त्याची ओळख आहे. सुरू करणारे आर्मस्ट्राँग फर्नांडो हे स्वतः मच्छीमार समाजातले. वारा किती, लाट किती, मासळीचा भाव काय, सरकारी योजना कुठली, हे सगळं तिथल्या बोलीत सांगतात. समुद्राची ओळख करून देणारा एक वेगळा कार्यक्रमही आहे. पाणी का तापतं, मासा का हटतो, जुन्या लोकांना वाऱ्यावरून काय कळायचं, असे विषय. बोलणारी पोरं-पोरी तिथलीच.

आता कोणी म्हणेल, आमच्याकडे आकाशवाणी आहे की. आहे, आणि ती हवीच. पण आकाशवाणीला अख्ख्या राज्याचं बघावं लागतं. नदीच्या तोंडाशी वाळूचा बांध सरकलाय, काल रात्री तिथे ट्रॉलर घासला, हे ती कशी सांगणार? बर्फाचा कारखाना उद्या बंद आहे, डिझेलचा टँकर दुपारी येईल, अमक्या होडीशी सकाळपासून संपर्क नाही. आपल्या दृष्टीने पहिल्या पानावरची बातमी ही आहे, आणि ती कुठल्याच पेपरात येत नाही.

इथे कायद्याची एक गंमत आहे. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, बस्स. पण हवामान, रस्ते-वाहतूक, सण-जत्रा, नोकरीची आणि परीक्षेची माहिती, वीज-पाण्याच्या सूचना, आपत्तीचे इशारे, हे सगळं 'बातमी' धरत नाहीत, त्याला परवानगी आहे. म्हणजे राजकारण सोडलं तर मच्छीमाराला लागणारी जवळजवळ सगळी खबर देता येते. आमचं मत विचाराल तर राजकारण बाहेर राहिलं हे बरंच झालं. आपल्या वार्षिक सभेत काय होतं ते तुम्ही बघताच.

हे आवाजाचं महत्त्व रेडिओच्याही आधीचं आहे. पुदुच्चेरीजवळ नल्लवाडू म्हणून मच्छीमारांचं गाव आहे. स्वामिनाथन फाउंडेशनच्या मदतीने तिथे माहिती केंद्र चालायचं. लाटांचा अंदाज मिळवून गावात लाउडस्पीकरवरून सांगायचे. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामी आली त्या सकाळी सिंगापूरला असलेल्या गावच्या एका तरुणाने घरी फोन केला. इथल्या लोकांनी तो निरोप त्याच लाउडस्पीकरवरून दिला, गाव पळालं आणि वाचलं. आम्हाला वाटतं, लोक लगेच पळाले याचं कारण तो भोंगा त्यांच्या रोजच्या ऐकण्यातला होता. त्या दिवशीच नवीन भोंगा लावला असता तर "कसलं आहे" म्हणून अर्धे लोक समुद्राकडे बघायला गेले असते.

उलट उदाहरण ओखीचं. नोव्हेंबर 2017 च्या शेवटच्या दिवशी वादळ कन्याकुमारीच्या समुद्रात होतं, आणि तिथल्या शेकडो होड्या कितीतरी दिवस आधीच खोल पाण्यात गेलेल्या. इशारा निघाला, पण त्यांच्यापर्यंत पोचला नाही. पुष्कळ माणसं गेली. त्यातल्या काही होड्या भरकटत आपल्या शेजारी देवगडच्या बंदराला लागल्या, शेकडो खलाशी तिथे उतरले. जेटीवरच्या बऱ्याच जणांना ते दिवस आठवत असतील.

यावरून एफएमची मर्यादाही समजून घ्या. सामुदायिक केंद्राला 100 वॅटपर्यंतची ताकद मिळते, पोच साधारण 10 ते 15 किलोमीटर. रापणवाले, किनाऱ्याजवळचे होडीवाले आणि घरची माणसं यांना ते पुरतं. खोल पाण्यातल्या ट्रॉलरला नाही पुरत. त्यांच्यासाठी व्हीएचएफ सेट, 16 नंबरचं चॅनल आणि तटरक्षक दलाचा 1554 हेच. रेडिओ आला म्हणून कोणी व्हीएचएफ बंद ठेवू नये.

आता शिकण्याचा मुख्य भाग. खबर नुसती वाचून दाखवणं वेगळं आणि समजेल अशी सांगणं वेगळं. हैदराबादच्या इन्कॉइसकडून लाटांचा अंदाज येतो. त्यात "लाटेची उंची 2.5 मीटर" असं असतं. आपला तांडेल म्हणतो, अडीच मीटर ना, बघितल्यात आम्ही. पण तो आकडा सगळ्यात उंच लाटेचा नसतो. सगळ्या लाटांतल्या उंच एक तृतीयांश लाटा घेतल्या तर त्यांची ती सरासरी असते. त्याच पाण्यात मध्येच एखादी लाट जवळजवळ दुप्पट, म्हणजे पाच मीटरपर्यंत उठू शकते. होडी उलटते ती त्या एका लाटेने. आम्हालाही हे मागच्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. तसंच वाऱ्याचं. "ताशी 45 ते 55 किलोमीटर, झोत 65" म्हटलं की कायम वारा वेगळा आणि मध्येच येणारा झोत वेगळा. कधी वारा नॉटमध्ये देतात, एक नॉट म्हणजे 1.85 किलोमीटर. तीस नॉट ऐकायला थोडं वाटतं, ते होतात साडेपंचावन्न किलोमीटर.

हे दर वेळी कोणीतरी आपल्या भाषेत उलगडून सांगायला पाहिजे. नुसती इंग्रजी पीडीएफ ग्रुपवर टाकली म्हणजे आपलं काम झालं, असं आम्ही इतके दिवस समजत होतो.

केंद्राचं लायसन काढायचं का? 2006 च्या धोरणापासून सेवाभावी संस्थांना ते मिळू शकतं. मात्र संस्था नफ्यासाठी चालणारी नको आणि निदान तीन वर्षं लोकांत काम केलेली हवी. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक बनवावे लागतात. आपली सोसायटी सभासदांना लाभांश वाटते, तेव्हा सरळ आपल्या नावावर अर्ज करण्यापेक्षा एखाद्या ट्रस्टबरोबर किंवा कॉलेजबरोबर जाणं जास्त शहाणपणाचं. साताऱ्याकडे म्हसवडला माणदेशीवाल्यांचं मराठीतलं केंद्र 2008 पासून आहे. तिथे जाऊन बघून यायला हरकत नाही. पण परवानगी, मशिनरी, मास्ट, याला वेळ लागतो आणि पावसाळा आपल्यासाठी थांबत नाही.

म्हणून संचालक मंडळापुढे आम्ही साधी गोष्ट ठेवतोय. 31 जुलैला बंदी संपली की पहिल्या दिवसापासून रोज दोनदा, पहाटे चारला आणि संध्याकाळी सहाला, दीड-दोन मिनिटांचा आवाजी निरोप. तोच जेटीच्या भोंग्यावर आणि तोच ग्रुपवर. सुरुवातीला तारीख, मग माहिती कुणाकडून आली ते, मग वारा, लाट, आपल्या तोंडावरची परिस्थिती, शेवटी बर्फ, डिझेल आणि काल संध्याकाळचा भाव. समुद्र शांत असला तरी निरोप द्यायचाच, आणि इशारा मागे घेतला तर तेही तितक्याच ठळकपणे सांगायचं. बाकी कोणीही ग्रुपवर वादळाचे फॉरवर्ड टाकायचे नाहीत, त्यात सेक्रेटरीही आला.

आवाज कोणाचा, हा प्रश्न उरतो. दोघं-तिघं आलटून-पालटून लागतील. एक तरी बाई हवी, कारण मासळी बाजारातला खरा भाव त्यांनाच माहीत असतो आणि पहाटे चारला घरात जागं तेच असतं. वाचायला आलं पाहिजे, घाई नको, आणि न समजलेला आकडा "समजला नाही" म्हणून विचारायची लाज नको. ज्यांना जमेल त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात नाव द्यावं. पुढच्या मासिक सभेत सगळ्यांसमोर प्रत्येकाकडून एक निरोप वाचून घेऊ. कोणाचा कळतो ते तांडेलांनीच ठरवायचं.