चाक का तापते? धरून राहणाऱ्या ब्रेकची तपासणी



हंगाम आटोपला की पुण्याची फेरी होतेच. कुणाचे साखर संकुलात काम, कुणाचा दवाखाना, कुणाला लग्नासाठी तांबट आळीतून भांडी आणायची. कात्रज किंवा दिवे घाट उतरायचा आणि लगेच कसबा पेठेच्या बोळांत शिरायचे, म्हणजे ब्रेकवरचा पाय निघत नाही. फडके हौदाजवळ गाडी उभी केली की एखाद्या चाकाकडून जळका वास येतो. "गर्दीनं तापलं असेल," म्हणून आपण सोडून देतो. कधी ते खरे असते, कधी नसते. हा फरक कसा ओळखावा ते या पाठात पाहू.

उष्णता येते कोठून? १००० किलो वजनाची गाडी केवळ ब्रेकच्या जोरावर १०० मीटर उंची उतरली, तर सुमारे तीन लिटर गार पाणी उकळीला येईल इतकी उष्णता तयार होते. म्हणून घाट उतरल्यावर चाके तापणारच, त्यातही पुढची जास्त. पण डावे-उजवे चाक सारखेच तापले पाहिजे. एकच चाक जास्त तापले, किंवा सपाट रस्त्यावर ब्रेक फारसा न वापरताही तापले, तर ब्रेक धरून राहतो आहे असे समजावे.

इतर खुणा : पाय काढल्यावर गाडी मोकळी पळत नाही; स्टिअरिंग एका बाजूला ओढते; पेट्रोल-डिझेल जास्त लागते. रिमला हात लावू नका, भाजेल. हाताची मागची बाजू चाकाजवळ नेऊन धग अजमावा.

तपासणी : सपाट जागी, इतर चाकांना दगड लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. हँडब्रेक सोडून एकेक चाक जॅकवर उचला व हाताने फिरवा. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका. पॅड हलका घासल्याचा आवाज चालतो. चाक फिरवायला जोर लागला तर ब्रेक धरला आहे. घरघर आवाज येऊन चाक वर-खाली हलत असेल, तर दोष बेअरिंगचा. पुष्कळदा थंड झाल्यावर दोष लपतो, म्हणून ही तपासणी गाडी गरम असतानाच करावी.

१) फक्त मागची चाके धरत असतील तर आधी हँडब्रेकची केबल पाहा. केबल ढिली केल्यावर चाक सुटले तर केबल गंजली आहे किंवा जास्त ताणली आहे. न सुटल्यास ड्रम उघडून शू आणि त्यांच्या स्प्रिंगा पाहाव्या लागतील.

२) एकच पुढचे चाक धरत असेल तर मिस्त्रीकडून त्या चाकाचे ब्रेकचे निपल किंचित उघडवा. ऑइल उडून चाक मोकळे झाले, तर आत दाब अडकला होता. मग रबरी नळी संशयित : बाहेरून चांगली दिसली तरी आतून फुगलेली असू शकते. निपल उघडूनही चाक सुटले नाही, तर कॅलिपरचा पिस्टन गंजला आहे किंवा त्याच्या सरकत्या पिना कोरड्या पडल्या आहेत.

३) सगळी चाके एकदम धरत असतील तर मास्टर सिलिंडरकडे वळा. ब्रेक ऑइल तापले की फुगते. त्याला डबीत परत जायला एक बारीक छिद्र असते. पॅडलला थोडीही मोकळीक नसली तर ते छिद्र झाकलेले राहते. दाब अडकतो, ब्रेक धरतो, ऑइल आणखी तापते आणि ब्रेक आणखी आवळतो.

ऑइलची काळजी : ब्रेकच्या डबीत इंजिन ऑइल किंवा ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑइल थेंबभरही घालू नका. त्याने रबरी सील फुगतात व ब्रेक जाम होतो. डॉट ३ ऑइल कोरडे असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळले की वाफ होते, आणि पॅडल सरळ तळाला जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावे.

वाटेत चाक तापले तर : गाडी सपाट जागी उभी करा, गिअरमध्ये टाका, चाकांना दगड लावा. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका. निवायला अर्धा तास तरी द्या. आणि पाणी ओतू नका. तांबट आळीत तापलेले तांबे पाण्यात बुचकळतात; तापवल्याने ते मऊ होऊन ठोकायला सोपे जाते, आणि बुचकळल्याने बिघडत नाही. आपली डिस्क आणि ड्रम बिडाचे. एकदम गार केले की त्यांना तडा जातो. निघताना दगड रस्त्यातून बाजूला काढा.

घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका, इंजिन बंद करू नका. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. गॅरेजमध्ये नुसते "ब्रेक बघा" असे सांगू नका. कोणते चाक, किती अंतरानंतर तापले, आणि थंड झाल्यावर सुटले की नाही, हे सांगा. एवढ्या तीन गोष्टी कळल्या तर मिस्त्रीचा निम्मा वेळ आणि आपला नाहक खर्च, दोन्ही वाचतात.