आवडत्या मालिकेची रिंगटोन : पैसे किती, वेळ किती

आईच्या फोनवर फोनसोबत आलेलीच टोन होती. काचेच्या ग्लासावर चमचा वाजवावा तशी बारीक किणकिण. ती स्वयंपाकघरात आणि फोन बाहेर टीपॉयवर असला, की पाच-पाच मिस्ड कॉल साचायचे. आवाज पूर्ण वाढवला तरी फरक पडेना. वय वाढतं तसे आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, हे कळलं तेव्हा उपाय सुचला. ‘आभाळमाया’ ही तिची जीव की प्राण असलेली मालिका. १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठीवर सुरू झाली. शीर्षकगीत मंगेश कुळकर्णींचं, संगीत अशोक पत्कींचं आणि आवाज देवकी पंडित यांचा. त्या गाण्यातले २५ सेकंद तिच्या फोनवर बसवले. आता पहिल्या शब्दालाच ती पदराला हात पुसत बाहेर येते.

या सगळ्याला पैसे लागले नाहीत. वेळ लागला दीड तास, आणि त्यातला एक तास गाण्यातले नेमके कुठले सेकंद घ्यायचे हे ठरवण्यात गेला. रिंगटोनसाठी पैसे मागणारे बरेच भेटतात, पण खरी किंमत त्या एका तासाची आहे आणि तो कुणी विकत देत नाही.

आधी एक घोळ मिटवू. रिंगटोन म्हणजे आपल्याला फोन आला की आपल्या फोनवर वाजते ती. कॉलरट्यून म्हणजे आपल्याला फोन करणाऱ्याला त्याच्या कानात ऐकू येते ती. रिंगटोन ही आपल्या फोनमधली एक फाइल असते, मोबाइल कंपनीचा तिच्याशी काही संबंध नाही, म्हणून तिचं भाडंही नाही. कॉलरट्यून कंपनीच्या यंत्रणेत राहते. काही कंपन्या चालू रिचार्जवर ती फुकट देतात, काही महिन्याच्या पॅकने विकतात. ‘रिंगटोन हवी’ म्हणून गेलेला माणूस कॉलरट्यूनचा पॅक घेऊन येतो, असं मी ओळखीत दोनदा पाहिलं आहे.

पॅक घेण्याआधी गुणाकार करा. समजा महिन्याला ४९ रुपये. प्रीपेडवर वर्षाचे ५८८ झाले. पोस्टपेडच्या बिलात त्यावर १८ टक्के जीएसटी लागला, तर महिन्याचे ५७ रुपये ८२ पैसे आणि वर्षाचे ६९४ च्या घरात. एवढं करून ती ट्यून तुम्हाला स्वतःला ऐकू येतच नाही.

काही वर्षांपूर्वी आईने कुणाला तरी फोन लावला, तिकडची ट्यून आवडली आणि सूचनेप्रमाणे स्टारचं बटण दाबलं. नंतर शिल्लक कमी होत गेली आणि आम्हाला तीन महिन्यांनी कळलं. अशा सेवा सुरू करताना ग्राहकाची दोनदा संमती घेतली पाहिजे, असा दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा २०१३ चा निर्देश आहे. दुसऱ्या संमतीचा संदेश तिने न वाचता ‘हो’ म्हणून टाकला होता. असली सेवा बंद करायला १५५२२३ हा टोल फ्री क्रमांक आहे, घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये तो नाव घालून सेव्ह करून ठेवा. कंपनीकडून दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ आहे.

दुसरा सापळा जास्त महाग आहे, तो म्हणजे रिंगटोनची ॲप. बरीच ॲप जाहिरातींवर चालतात आणि कामापुरती ठीक असतात. पण काही ॲप ‘तीन दिवस मोफत’ म्हणून आत घेतात आणि त्याच पडद्यावर खाली बारीक अक्षरात आठवड्याचा दर लिहितात. आठवड्याला ९९ रुपये हा आकडा किरकोळ वाटतो, वर्षाचे मात्र ५,१४८ होतात. तेवढ्यात आईला नवा साधा फोन आला असता. ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली, असं होत नाही. प्ले स्टोअरमध्ये ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन ती रद्द करावी लागते. यूपीआयवरून मंजुरी दिली असेल, तर यूपीआय ॲपच्या ‘ऑटोपे’ विभागातही एकदा पाहा.

परवानग्यांकडेही लक्ष हवं. रिंगटोन बसवणारं ॲप ऑडिओ फाइल आणि ‘सिस्टिम सेटिंग बदलणे’ यांची परवानगी मागेल, ते रास्त आहे. एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, तर तिथेच थांबा. तुमचे ओटीपी एसएमएसमध्येच येतात. वॉट्सॅपवर कुणी ‘मालिकांच्या टोन’ म्हणून एपीके फाइल पाठवली तर ती उघडू नका, आणि उघडून पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा.

तिसरा पर्याय म्हणजे नाक्यावरचं मोबाइलचं दुकान. ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी अजून दिसते. मी विचारलं तिथे एका टोनचे ३० रुपये सांगितले. रक्कम मोठी नाही, पण अनलॉक केलेला फोन परक्याच्या हातात जातो, आणि त्याच्या संगणकातून आलेली फाइल कुठून आणली हे त्यालाही माहीत नसतं. शिवाय दुकानदार गाण्याची सुरुवातच कापून देतो. नेमके सेकंद शोधत बसायला त्याला वेळ कुठला असणार?

तर ते सेकंद कुठले?

मोबाइलवर न उचललेला कॉल ३० सेकंद वाजेल, असं ‘ट्राय’ने नोव्हेंबर २०१९ मध्ये ठरवून दिलं. त्याआधी कंपन्यांनी आपसातल्या भांडणात ही वेळ बरीच कमी केली होती. म्हणजे ३० सेकंदांपलीकडचं गाणं कापून ठेवण्यात अर्थ नाही, आणि बहुतेक फोन आपण पहिल्या आठ-दहा सेकंदांत उचलतो. मालिकांची शीर्षकगीतं मात्र निवांत उलगडतात. आधी सिंथेसायझरचा पडदा, मग बासरी किंवा सतार, मग कोरस आणि मग कुठे मुख्य आवाज. तो येईपर्यंत पलीकडचा माणूस फोन ठेवून देतो. म्हणून सुरुवातीपासून कापू नका. ज्या ओळीला घरातले सगळे मान वर करून टीव्हीकडे बघायचे, ती ओळ शोधा आणि तिच्या आधीच्या श्वासापासून सुरू करा.

फोनचा स्पीकर नखाएवढा असतो. डग्गा, ढोल, बेस गिटार यांचा घुमारा त्यातून बाहेरच येत नाही, उलट तो फाइलमध्ये राहिला तर स्पीकर खरखरतो. गाणाऱ्याचा आवाज, बासरी, हार्मोनियम, सतार हे त्याला मानवतं. घरात टीव्हीच्या मोठ्या स्पीकरवर भारदस्त वाटणारं पार्श्वसंगीत फोनवर पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं, ते यामुळे. निवडलेला तुकडा आधी त्याच फोनवर वाजवून, फोन शेजारच्या खोलीत ठेवून ऐका. आईसाठी मी चार तुकडे काढले होते. मला सर्वात आवडलेला, तारसप्तकात जाणारा तुकडा तिला स्वयंपाकघरात ऐकू आला नाही. मधल्या पट्टीतला आला. ज्याचा फोन त्याच्या कानाने निवड करायची.

शेवट कुठे करायचा हे ताल सांगतो. टोन संपली की फोन ती पुन्हा पहिल्यापासून वाजवतो, आणि मध्येच कापलेली असेल तर दर वेळी ठेच लागते. आवर्तन पूर्ण करून, समेच्या अगदी आधी कापलं तर जोड कळत नाही. हाताने टाळी धरून मोजता येतं. केहरव्याच्या आठ मात्रा ज्या गाण्यात पाच सेकंदांत होतात, त्यात पाच आवर्तनं म्हणजे बरोबर २५ सेकंद. दादरा असेल तर सहा-सहा मात्रांनी मोजा.

आता गाणं आणायचं कुठून? घरात कॅसेट किंवा सीडी असेल तर उत्तम. नसेल तर टीव्हीवर मालिका लागते तेव्हा फोनच्या साध्या व्हॉइस रेकॉर्डरने टिपा. पंखा बंद, खिडकी बंद, फोन टीव्हीच्या स्पीकरपासून हातभर लांब, टीव्हीचा आवाज मध्यम. फार मोठा ठेवला तर आवाज फाटतो. हे अगदी स्टुडिओसारखं होत नाही, पण तीस सेकंदांच्या टोनला पुरतं. जास्त स्वच्छ हवं असेल तर शंभर-दीडशे रुपयांची ऑक्स केबल घ्या आणि टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपमध्ये घ्या. बऱ्याच लॅपटॉपवर आता एकच भोक असतं आणि ते फक्त माइक ओळखतं. तसं असेल तर दोनशे-तीनशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड लागेल. मला तरी एका टोनसाठी हा खर्च करावासा वाटला नाही.

ओटीटीवर पडद्याचं रेकॉर्डिंग करून पाहिलंत तर बहुधा काळा पडदा किंवा शांतता मिळेल, कारण तिथला मजकूर कुलूपबंद असतो. ते कुलूप तोडणारी सॉफ्टवेअर शोधू नका, २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात त्याला शिक्षा आहे. पैसे भरून घेतलेल्या संगीत-ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणंही त्या ॲपबाहेर वाजत नाही. वर्षाची वर्गणी भरली की रिंगटोनही करता येईल, असं समजून ती घेऊ नका. लिंक टाकली की एमपी-३ काढून देणारी संकेतस्थळं तर मी पूर्ण टाळतो. व्हिडिओ सेवांच्या अटींत त्याला मनाई असते, आणि खोट्या ‘डाउनलोड’ बटणांमागे काय आहे याचा भरवसा नाही.

कायद्याचं थोडक्यात. १९५७ चा कॉपीराइट कायदा खासगी, वैयक्तिक उपयोगासाठी रास्त वापराची मुभा देतो. स्वतःच्या फोनवर टोन वाजवणं त्यात बसतं असं मी मानतो. तीच फाइल कुठे अपलोड करणं किंवा पैसे घेऊन दुसऱ्यांना भरून देणं ही वेगळी गोष्ट झाली. ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेलं ध्वनिमुद्रण २०५९ संपेपर्यंत मालकाचं आहे. ज्यांच्या ध्वनिमुद्रणाने आपलं घर रोज संध्याकाळी एकत्र बसवलं, त्यांचा तो हक्क आहे आणि तो राखायला आपल्याला काही तोशीस पडत नाही.

कापण्यासाठी संगणकावर ऑडॅसिटी पुरतं. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, पूर्ण फुकट. हवा तो भाग निवडा, बाकीचा काढा. इफेक्टमधलं ‘हाय-पास फिल्टर’ २०० हर्ट्झवर लावा, म्हणजे खरखर करणारा घुमारा जाईल. मग ‘नॉर्मलाइज’ करून आवाजाची सर्वोच्च पातळी उणे एक डेसिबलवर आणा. सुरुवातीला पाव सेकंदाचा ‘फेड इन’ द्या, त्याहून लांबवू नका. एमपी-३ म्हणून १२८ केबीपीएसवर एक्स्पोर्ट केलं की ३० सेकंदांची फाइल साधारण ४८० केबीची होते, एखाद्या फोटोपेक्षाही लहान. संगणक नसेल तर फोनवर कापणारं एखादं मोफत ॲप चालेल, वर सांगितलेल्या परवानग्या तपासून.

अँड्रॉइडवर ती फाइल ‘रिंगटोन्स’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका, मग सेटिंग्जमध्ये साउंड, तिथे फोन रिंगटोन. नावं कंपनीगणिक थोडी बदलतात. एकाच माणसासाठी वेगळी टोन हवी असेल तर काँटॅक्ट उघडून त्याच्या मेन्यूत ‘सेट रिंगटोन’ करा. आमच्याकडे पुण्याच्या मावशीला वेगळी आहे, आई तिचा फोन कधीच चुकवत नाही. वॉट्सॅपच्या कॉलची टोन मात्र निराळी असते. वॉट्सॅपच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सखाली जाऊन तीही बदला, नाहीतर परदेशातल्या नातवाचा व्हिडिओ कॉल जुन्याच किणकिणीत येत राहील.

आयफोनवर थोडी खटपट आहे, पैसे मात्र नाहीत. टोन ३० सेकंदांच्या आत ठेवा. ॲपलचं गॅरेजबँड हे मोफत ॲप घ्या, त्यात फाइल आणा आणि शेअरमधून ‘रिंगटोन’ निवडा. आयओएस २६ असलेल्या फोनवर तर गॅरेजबँडही लागत नाही. फाइल्स ॲपमधल्या ऑडिओवर शेअर दाबलं की ‘रिंगटोन म्हणून वापरा’ या अर्थाचा पर्याय येतो.

बटणांच्या फोनवर मेमरी कार्डातून एमपी-३ टोन लावता येते, पण सगळ्याच मॉडेलवर नाही. नवा घेणार असाल तर दुकानात उभ्या उभ्या एखादी फाइल लावून बघा आणि मगच पैसे द्या.

टोन तयार झाली की ती फाइल स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा. फोन बदलला की संपर्क आणि फोटो नव्या फोनमध्ये येतात, पण स्वतः केलेली टोन अनेकदा मागेच राहते. आईचा फोन मार्चमध्ये बदलला, तेव्हा दोन दिवस पुन्हा मिस्ड कॉल साचले. तिसऱ्या दिवशी मेलमधून फाइल काढून लावली, दोन मिनिटांत काम झालं.