परिवीक्षाकालाच्या अखेरीस सेवासमाप्ती : न्यायालयीन आव्हानाचे स्वरूप

औषधनिर्माणशाळा अथवा चिकित्सालय चालविणाऱ्या अनेक व्यावसायिकांची अशी समजूत असते की, सहा महिन्यांच्या परिवीक्षेवर नेमलेल्या कर्मचाऱ्यास मुदत संपताच कोणतेही कारण न देता कमी करता येते. ही समजूत अर्धीच खरी आहे.

नियुक्तिपत्रात तशी अट असेल व काम खरोखरच असमाधानकारक असेल, तर साध्या आदेशाने सेवा संपविता येते. त्यासाठी विभागीय चौकशीची आवश्यकता नाही. परंतु आदेशाची भाषा साधी असली, तरी त्यामागे गैरवर्तनाचा आरोप दडलेला असल्यास न्यायालय तो पडदा दूर करून पाहते. शमशेर सिंग विरुद्ध पंजाब राज्य (1974) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेशाच्या बाह्य रूपापेक्षा त्याचे सार महत्त्वाचे मानले. आरोप हा निर्णयाची केवळ प्रेरणा होता की अधिष्ठान, हा येथील कळीचा प्रश्न होय. हेतू व व्याधी यांत भेद करण्याची सवय असलेल्या वैद्यांस हा विवेक अपरिचित वाटू नये.

उदाहरणार्थ, भांडारातील भस्माचा साठा कमी भरला, एका नवख्या सेवकाचा संशय आला, त्याच्या मागे चार जणांचे जबाब घेऊन त्यास दोषी ठरविले व नंतर ‘काम समाधानकारक नाही’ असे पत्र हाती दिले, तर ती शिक्षाच ठरण्याचा संभव फार. त्यास आपली बाजू मांडण्याची संधी मिळालेली नसते. याउलट, चूर्णाची वजने वारंवार चुकणे, नोंदवही अपुरी ठेवणे अशा बाबींची वेळोवेळी लेखी समज दिलेली असल्यास मालकाची बाजू भक्कम राहते.

शब्दयोजनेविषयी दोन निवाडे ध्यानात ठेवावेत. दीप्ती प्रकाश बॅनर्जी प्रकरणात (1999) आदेशात उल्लेखिलेल्या जुन्या पत्रांतील मजकूरही कलंक लावणारा ठरू शकतो, असे म्हणून आदेश रद्द झाला. पवनेंद्र नारायण वर्मा प्रकरणात (2001) मात्र ‘काम व वर्तन असमाधानकारक’ एवढ्याच शब्दांनी कलंक लागत नाही, असे ठरले. हे निवाडे शासकीय वा शासनपोषित सेवांतील आहेत. तथापि खाजगी आस्थापनांच्या कामगार-वादांतही आदेशाच्या आड पाहण्याची हीच दृष्टी स्वीकारली जाते.

मुदतवाढीचा धोका निराळा. सहा महिन्यांवर आणखी तीन महिने चढविले की 240 दिवसांच्या सलग सेवेचा प्रश्न उपस्थित होतो. पगारी रविवार व सुट्ट्याही त्यात मोजल्या जातात (अमेरिकन एक्स्प्रेस, 1985). 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, कराराच्या अटीप्रमाणे झालेली समाप्ती ‘कामगार कपात’ ठरत नाही. म्हणूनच नियुक्तिपत्रात तशी अट नसेल, तर एक महिन्याची नोटीस व नुकसानभरपाई यांची मागणी पुढे येते. परिवीक्षेची कमाल मर्यादा नियमांत ठरलेली असून त्यापुढेही कर्मचारी कामावर राहिला, तर तो कायम झाला असे मानले जाऊ शकते (धरम सिंग, 1968). ‘कामगार’ कोण, हे पदनामावरून ठरत नाही, प्रत्यक्ष कामावरून ठरते. बाटल्या भरणाऱ्यास ‘व्यवस्थापक’ म्हटल्याने काही साधत नाही.

मुदत संपण्यापूर्वीच कामाचा लेखी आढावा घ्यावा आणि निर्णय त्याच तारखेच्या आत कळवावा.