वाहते पाणी आणि काळी काच

वाहत्या पाण्याचे दीर्घ एक्सपोजरचे छायाचित्रण म्हणजे कॅमेऱ्याचे शटर क्षणभराऐवजी काही सेकंद किंवा काही मिनिटे उघडे ठेवून, तेवढ्या वेळातील प्रवाहाची सारी हालचाल एकाच चित्रात उतरवणे होय. भरदिवसा असे केल्यास चित्र पांढरेफटक पडते. म्हणून भिंगापुढे एनडी फिल्टर, म्हणजे सर्व रंगांचा प्रकाश शक्यतो सारख्याच प्रमाणात अडवणारी करडी काच, लावली जाते. तिची ताकद स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, दोन म्हणजे पाव. याच हिशेबाने दहा स्टॉपची काच सुमारे हजारांश प्रकाश आत सोडते आणि ढगाळ दिवशी १/३० सेकंदाचे एक्सपोजर सुमारे ३४ सेकंदांवर जाऊन पोहोचते.

नवशिक्याचा ओढा साहजिकच सर्वांत गडद काचेकडे असतो आणि बहुतेक चित्रे तिथेच बिघडतात. नांदेड जिल्ह्यात इस्लापूरजवळच्या सहस्रकुंड येथे पैनगंगा बेसॉल्टच्या काळ्या कातळावरून अनेक धारांनी कोसळते आणि या धबधब्याचे सारे वैभव त्या धारांच्या वेगळेपणात आहे. भर पावसात, पाणी मातीने गढूळ झालेले असताना, शटर अर्धा मिनिट उघडे राहिले तर या धारा एकमेकींत मिसळून मातकट रंगाचा एक सपाट पडदा तेवढा उरतो. त्याच जागी तीन स्टॉपची काच लावली, तर एक्सपोजर पाव सेकंदाच्या आसपास येते, धारेचा पीळ आणि फेसाचे धागे शाबूत राहतात आणि पाणी वाहते आहे हेही डोळ्यांना कळते. पाऊस ओसरून पाणी निवळले, की सहा स्टॉपच्या काचेने सुमारे दोन सेकंदांचे एक्सपोजर घेऊन पाहण्यासारखे असते; त्याहून अधिक काळ मात्र या धबधब्याला मानवत नाही.

कामाचा क्रमही काटेकोर पाळावा लागतो. दहा स्टॉपच्या काचेतून कॅमेऱ्याच्या स्वयंचलित फोकसला फारसे काही दिसत नाही, म्हणून चौकट आधी ठरवावी, ओल्या कातळाच्या एखाद्या ठसठशीत कडेवर फोकस साधावा, मग भिंग मॅन्युअलवर टाकावे आणि त्यानंतरच काच चढवावी. आट्याची काच फिरवताना फोकसचे कडेही नकळत सरकते, याकडे लक्ष असावे. तीस सेकंदांपलीकडच्या एक्सपोजरसाठी बल्ब मोड, म्हणजे बटण सोडेपर्यंत शटर उघडे ठेवणारी सोय, आणि हात न लावता ते चालवणारा रिमोट लागतो. आरशाच्या कॅमेऱ्यात मागच्या दृश्यखिडकीतून शिरणारा उजेड चित्र खराब करतो, त्यामुळे ती झाकावी. स्वस्त काचांमधून अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे तांबड्यापलीकडचे किरण, निसटतात आणि चित्रावर तांबूस छटा चढते. ही छटा संगणकावर पूर्णपणे निघेलच असे नाही.

लातूरकडे प्रश्न वेगळा आहे. तेथे मांजरा नदी वर्षाचा मोठा काळ क्षीण असते आणि एप्रिल २०१६ मध्ये तर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. जलाशयावर काही मिनिटांचे एक्सपोजर घेतले, की वाऱ्याने उठलेल्या लाटा पुसल्या जातात आणि उथळ डबकेही खोल, भरलेल्या तळ्यासारखे भासू लागते. असे चित्र देखणे असले, तरी पाण्याची वाट पाहणाऱ्या प्रदेशाविषयी ते खोटे बोलते. म्हणून चौकटीत काठावर उतरत गेलेल्या पाण्याच्या खुणा, भेगाळलेला गाळ आणि उघडा पडलेला कातळ राहू द्यावा. एरवी हे तंत्र तेथे न वापरलेलेच बरे.

सर्वांत गंभीर सावधगिरी मात्र गोदावरी आणि पैनगंगेच्या पात्राविषयी आहे. नांदेडच्या वरच्या बाजूस गोदावरीवर विष्णुपुरीचा प्रकल्प आहे, तर सहस्रकुंडाच्या वर पैनगंगेवर इसापूरचे धरण. पावसाळ्यात दरवाजे उघडले, की शहरात पावसाचा थेंब नसतानाही पात्रातील पाणी चढते. चार मिनिटांच्या एक्सपोजरमध्ये छायाचित्रकार ट्रायपॉड सोडून हलू इच्छित नाही, नजर पडद्यावरील सेकंदांवर असते आणि पात्रातील खडकाभोवती पाणी कधी आले हे प्रवाहाच्या आवाजात कळत नाही. शेवाळलेल्या कातळावर घाईने पाय उचलणे तर आणखी घातक. त्यामुळे निघण्यापूर्वी विसर्गाची, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याची, चौकशी करावी, सोबत एक माणूस केवळ पाण्याकडे पाहण्यासाठी असावा आणि विसर्ग चालू असल्यास पात्रात मुळीच उतरू नये. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवरून लांब भिंगाने चित्र घेता येते. तेही जमत नसेल तर कॅमेरा पिशवीतच ठेवावा.