कॅनरी खजुरी लावण्याआधी

चि. ईशान यास,


सॅन डिएगोच्या घरामागे कॅनरी बेटांवरची खजुरी लावायचं तुझ्या मनात आहे. झाड देखणं आहे, वाद नाही. पण नर्सरीतली कुंडी पाहून जागा ठरवू नकोस. पूर्ण वाढल्यावर तिचं खोड दोन-तीन फूट जाड होतं, उंची 50-60 फुटांवर जाते आणि एकेक झावळी 15 ते 20 फुटांची असते. म्हणजे माथ्याची रुंदी 30 फुटांच्या पुढे. शिवाय ती आधी बुंध्याने भरते, मग उंच होते. त्यामुळे बरीच वर्षं हा सगळा पसारा आणि देठांवरचे अणकुचीदार काटे माणसाच्या उंचीवरच राहतात.

तू म्हणशील, वाढली की छाटू. आंबा छाटला की बाजूने फुटतो, त्याची जखम भरून येते. खजुरीला वाढीचा कोंब एकच, शेंड्यावर. खोडाची जखम तर कधीच भरत नाही. पालाश कमी पडलं की ती जुन्या झावळ्यांतून काढून नव्यांना पुरवते, म्हणून हिरवी झावळी तोडणं म्हणजे तिची शिदोरीच काढून घेणं. फ्युजेरियम बुरशीचा मर रोग करवतीवरून झाडाझाडांत पसरतो आणि त्यावर औषध नाही. ताज्या कापाच्या वासावर सोंड्या भुंगाही येतो. कोकणात नारळ पोखरणाऱ्या सोंड्याचा दक्षिण अमेरिकी भाऊबंद तुमच्या भागात याच खजुऱ्या मारतो आहे.

मोठी खजुरी उचलून दुसरीकडे लावता येते, हे खरं. बुंध्यातून तिला नवी मुळं फुटतात. पण त्याला क्रेन लागते आणि खर्च मोठा. काटक आहे म्हणून पाण्याची हयगय चालेल, असंही नाही. तिच्या बेटांवर ती बहुधा भूजल जवळ असलेल्या दऱ्यांच्या तळाशी वाढते. रुजेपर्यंत पाणी हवंच, मात्र निचरा चांगला आणि ऊन पूर्ण हवं.

म्हणून जी काळजी घ्यायची, ती लावण्याआधीच. भिंत, वाट आणि तारा यांपासून चहूबाजूंनी 20 फूट मोकळे मोज. तेवढे नसतील तर सहा ते दहा फुटांची बुटकी रोबेलिनी खजुरी लाव. असले, तरी आधी शेजारपाजारच्या खजुऱ्यांचे शेंडे बघून ये. मधली पानं वाळून माथा छत्रीसारखा खाली बसला असेल, तर भुंगा गल्लीत पोचला असं समज आणि हा बेत सोडून दे.

तुझी,
मावशी