विंडोलांडा : तटाबाहेरची वस्ती

रोमन साम्राज्याचा इतिहास आपण वाचतो तो बहुधा सम्राटांचा आणि लढायांचा. साम्राज्याच्या सीमेवर जी साधी माणसे राहिली त्यांचे काय, हा प्रश्न क्रमिक पुस्तकात क्वचितच उपस्थित होतो. उत्तर इंग्लंडमधील विंडोलांडा येथे मात्र त्याचे उत्तर जमिनीतूनच वर आले आहे.

येथे रोमनांनी पहिला किल्ला इ. स. ८५ च्या सुमारास लाकडात बांधला. जवळच उत्तरेस असलेल्या हेड्रियन सम्राटाच्या प्रसिद्ध भिंतीचे काम इ. स. १२२ मध्ये सुरू झाले. म्हणजे किल्ला भिंतीहून जुना. पुढे त्याच जागी एकावर एक असे अनेक किल्ले उभे राहिले. आतले शिपाई इटलीचे नव्हते. बटावी व तुंग्री या आजच्या नेदरलँड्स-बेल्जियमकडील जमातींचे होते. दगडी किल्ल्याच्या पश्चिमेस, दरवाजाबाहेरच्या रस्त्यालगत, घरे व दुकाने यांची वस्ती होती. अशा वस्तीला रोमन लोक 'विकुस' म्हणत.

ही वस्ती वाढण्यास दोन कारणे होती. शिपायाला रोख पगार मिळे आणि पैसा जेथे खर्च होतो तेथे व्यापारी येतोच. दुसरे कारण कायद्याचे. सहायक सैन्यातील नोकरी २५ वर्षांची आणि त्या काळात शिपायाला कायदेशीर विवाहाची मुभा नव्हती. ही बंदी सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळापर्यंत (इ. स. १९३ ते २११) टिकली. पण कायद्याने संसार थोडाच थांबतो!

१९७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना येथे शाईने लिहिलेल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडल्या. ओल्या, हवाबंद मातीमुळे त्या टिकल्या होत्या. एका पत्रात ऑक्टेव्हियस नावाचा माणूस धान्यखरेदीसाठी रोकड मागतो आणि रस्ते खराब असल्याने कातडी आणली नाहीत असे कळवतो. इ. स. १०० च्या सुमाराच्या दुसऱ्या पत्रात क्लॉडिया सेव्हेरा ही किल्लेदाराची पत्नी सुल्पिसिया लेपिडिना हिला ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाचे आमंत्रण देते. शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या आहेत. स्त्रीच्या हातचे इतके जुने लॅटिन लेखन फारच थोडे उपलब्ध आहे.

लेपिडिना अधिकाऱ्याची पत्नी होती. तिला पतीसह किल्ल्यात राहता येई, तिची पत्रेही उरली. साध्या शिपायांच्या बायकांची पत्रे कोठे आहेत? त्यांच्याविषयी बोलतात ती पायताणे. विंडोलांडा येथे चामड्याची ५,००० हून अधिक पायताणे सापडली असून त्यांत स्त्रियांची व लहान मुलांचीही आहेत. काही तर शिपायांच्या बराकींत मिळाली. कायद्याच्या दृष्टीने जे कुटुंब अस्तित्वातच नव्हते, त्याची पावले अशी मातीने जपून ठेवली.

वस्तीतील लोकांनीही आपले नाव मागे ठेवले आहे. व्हल्कन या अग्नीच्या व लोहारांच्या देवाला अर्पण केलेल्या एका दगडी वेदीवर अर्पण करणारे म्हणून 'विंडोलांडाचे वस्तीकर' असा उल्लेख आहे. म्हणजे ही माणसे स्वतःला केवळ छावणीच्या मागे आलेला जमाव समजत नव्हती. ते एक गाव होते.

तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ही वस्ती ओस पडली. किल्ला मात्र पुढेही नांदता राहिला. म्हणून केवळ तट मोजणाऱ्याला सीमेचा अर्धाच इतिहास हाती लागतो. उरलेला अर्धा तटाबाहेरच्या घरांत आणि लहान मुलाच्या एखाद्या पायताणात शोधावा लागतो.