रोज सकाळी पुन्हा लॉगिन? ब्राउझरच्या कुकीज का उडतात ते शोधूया

व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलं, ते दुकानातल्या कॉम्प्युटरसमोर बसून करता यावं म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

समजा, तुमचं घरगुती मसाल्यांचं काम आहे. ऑर्डर ऑनलाइन येतात. तुम्ही माल आणायला बाजारात आणि दुकानात बसलेली मुलगी फोन करते, "ताई, परत लॉगिन मागतंय, ओटीपी सांगा." तुमचा फोन पिशवीत, रेंज नाही. ऑर्डर वेळेत स्वीकारली गेली नाही की ती रद्द होते आणि रेटिंग खाली येतं. त्यामुळे ही बारीक कटकट नाही, धंद्याचं नुकसान आहे.

कुकी म्हणजे काय? वेबसाइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी चिठ्ठी. "हे गिऱ्हाईक ओळखीचं आहे", एवढंच तिच्यावर असतं म्हणा ना. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यांनी ही युक्ती काढली, आणि तीसुद्धा ऑनलाइन दुकानातली खरेदीची टोपली लक्षात राहावी म्हणून. म्हणजे मूळ गरज दुकानदाराचीच! चिठ्ठी हरवली की साइट तुम्हाला अनोळखी समजते.

आता सेटिंग उलटसुलट करण्याआधी एकच गोष्ट बघा: लॉगिन नेमकं कधी जातं? निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

काही मिनिटं काम थांबवल्यावर जातं आणि तेही फक्त बँकेच्या किंवा सरकारी पोर्टलवर? मग कुकी उडालेली नाही. त्या साइट्स सुरक्षेसाठी स्वतःच बाहेर काढतात. त्यावर उपाय शोधू नका, ते तुमच्या भल्याचंच आहे.

ब्राउझर बंद करून उघडल्यावर सगळ्याच साइट्सचं लॉगिन जातं? सर्वात जास्त सापडणारा प्रकार हाच. आधी खिडकी इन्कॉग्निटो किंवा गेस्ट मोडची नाही ना ते बघा. कोणीतरी डेस्कटॉपवर तसाच शॉर्टकट करून ठेवलेला असतो! मग क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', तिथून 'साइट सेटिंग्ज', आणि त्यात 'ऑन-डिव्हाइस साइट डेटा' शोधा. आवृत्तीनुसार नावं थोडी बदलतात. सगळ्या खिडक्या बंद केल्यावर डेटा पुसण्याचा पर्याय निवडलेला असेल तर तो बदला. एजमध्ये ब्राउझर बंद करताना काय काय पुसायचं याची यादी असते, त्यातलं कुकीजचं बटण बंद करा. फायरफॉक्समध्ये अशीच एक टिकखूण असते, शिवाय 'हिस्टरी कधीच लक्षात ठेवू नको' हा पर्याय निवडलेला नाही ना तेही तपासा.

कॉम्प्युटर रीस्टार्ट केल्यावर किंवा ठरावीक दिवशीच जातं? मग संशय सफाईवाल्या सॉफ्टवेअरवर घ्या. सीक्लीनरसारखी सॉफ्टवेअर्स आणि काही अँटिव्हायरस 'कचरा' साफ करताना कुकीजही झाडून नेतात. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा हे प्रेमाने टाकून जातो आणि आपल्याला पत्ताच नसतो. ते काढायलाच पाहिजे असं नाही, त्यातली कुकीजसमोरची खूण काढली तरी पुरे. सायबर कॅफेत बसत असाल तर तिथे रीस्टार्टनंतर सगळं पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर असू शकतं, आणि तिथे लॉगिन टिकवूच नये.

कधीकधी दोष आपल्याकडे नसतोच. २०२० मध्ये विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीत असा बिघाड होता की रीस्टार्टनंतर क्रोममधली लॉगिन्स जायची. कुकीज कुलूपबंद असतात आणि विंडोजकडची किल्लीच चालेनाशी व्हायची. मायक्रोसॉफ्टच्या अपडेटने ते मिटलं. म्हणून अपडेट वर्षानुवर्षं टाळू नका.

जुना कॉम्प्युटर असेल तर कोपऱ्यातली तारीखही बघा. तारीख पुढे गेली असेल तर कुकीची मुदत संपली असं ब्राउझर धरतो. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागे जाते आणि साइट्स सुरक्षिततेचे इशारे द्यायला लागतात. सेल स्वस्त असतो, बदलून टाका.

व्हॉट्सॲप वेबचं वेगळं गणित आहे. साइट डेटा पुसला तर ते सुटतंच, पण मुख्य फोन १४ दिवसांहून जास्त वापरला नाही तरीही जोडलेली उपकरणं सुटतात. धंद्याचा नंबर कपाटातल्या फोनमध्ये असेल तर तो अधूनमधून उघडत जा.

आणि एक इशारा. "लॉगिन कायम ठेवा" म्हणणारी कुठलीही एक्सटेन्शन टाकू नका. लॉगिनची कुकी चोराच्या हाती लागली तर अनेक साइट्सवर तो पासवर्ड किंवा ओटीपीशिवाय तुमच्या खात्यात शिरू शकतो. त्यापेक्षा दुकानाच्या कामासाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल बनवा, त्यात फक्त ऑर्डरची साइट उघडा आणि पोर्टलवर सोय असेल तर मुलीला तिचं स्वतःचं स्टाफ लॉगिन काढून द्या, म्हणजे ओटीपी तिच्याच फोनवर जाईल.